हेडफोनची केबल बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेडफोन बिघडला म्हणून कोल्हापुरातील मित्रमंडळी आणि त्यांचे परिचित जे जे माझ्या टेबलावर आणून ठेवतात, त्यात आतला स्पीकर जळालेला क्वचितच निघतो. बहुतेक वेळा केबलच कुठेतरी तुटलेली असते. नवी केबल घेताना लोक विचारतात ते प्रश्न वर्षानुवर्षे जवळपास तेच आहेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना त्याचा हिशेब धरता येईल: केबलची निवड हा मुख्यतः जोडाचा आणि मजबुतीचा प्रश्न आहे, स्वरमाधुर्याचा फार थोडा.

दोष केबलचाच आहे, हे कसे ठरवावे?

तोच हेडफोन दुसऱ्या फोनला आणि त्याच फोनला दुसरा हेडफोन लावून पाहावा, म्हणजे फोनचे सॉकेट निर्दोष आहे की नाही ते कळते. पुष्कळदा खिशातील धाग्यांचा गाळ सॉकेटात दाबून बसलेला असतो आणि पिन शेवटपर्यंत जात नाही. लाकडी टूथपिकने तो अलगद काढला की केबलचा खर्चच वाचतो. त्यानंतर सलग वाजणारे काहीतरी लावावे. मी तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण वापरतो, कारण त्यात विराम नसतो आणि आवाज क्षणभर तुटला तरी तो केबलमुळेच तुटला हे लगेच उमगते. आता पिनेपासून वर सरकत केबल थोडी थोडी वाकवत जावे. पिनेच्या मानेजवळ, दोन कानांसाठी फाटा फुटतो तेथे आणि केबल इअरकपमध्ये शिरते तेथे, अशा तीन जागी ती सर्वांत आधी तुटते.

दोन्ही कानांकडे वेगळी केबल जात असेल आणि ती निघत असेल, तर डावे टोक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावून पाहावे. शांत पडलेला कान तोच राहिला तर दोष स्पीकरचा, आणि शांतता दुसऱ्या कानात गेली तर दोष केबलचा किंवा ती ज्याला जोडली आहे त्या उपकरणाचा.

गाण्यातील गायकाचा आवाज अचानक नाहीसा झाला आहे, वाद्ये मात्र पोकळ, लांबून आल्यासारखी ऐकू येतात. हे कशामुळे?

ही तक्रार ऐकली की मी केबल न तपासताही दोष सांगू शकतो. साध्या तीन कड्यांच्या पिनेत डाव्या आणि उजव्या कानाच्या दोन तारा वेगळ्या असतात, पण परतीची तार, म्हणजे ग्राउंड, दोघांची सामाईक असते. ती तुटली की डावा आणि उजवा स्पीकर एकापाठोपाठ एक जोडले जातात आणि त्यांच्यातून दोन्ही बाजूंच्या ध्वनीतला केवळ फरक वाहू लागतो. गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच मिसळलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो. एका बाजूला अधिक असलेली वाद्ये आणि प्रतिध्वनी तेवढे उरतात. पिन सॉकेटात अर्धवट बसली तरी असेच ऐकू येते, तेव्हा आधी पिन दाबून पाहावी.

माझ्या हेडफोनची केबल मुळात काढता येते का?

सर्वच हेडफोनची येत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हे स्टुडिओत अतिशय वापरले जाणारे हेडफोन आहेत, पण त्यांची केबल आत डाखलेली, म्हणजे कथिलाने पक्की जोडलेली, असते. अशा हेडफोनला ‘बदली केबल’ म्हणून जी विकली जाते ती उघड्या तारांची असते आणि इअरकप उघडून ती आत डाखावी लागते. कुशल हात असेल तर त्याच वेळी कपाला सॉकेट बसवून घेता येते. हमीचा काळ शिल्लक असेल तर मात्र कप उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

कोणता जोड आहे, हे कसे ओळखावे?

येथे घाई करणाऱ्यांचे पैसे बुडतात, म्हणून हे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे. केबलला दोन टोके असतात. उपकरणाकडचे टोक बहुधा ३.५ मिमीचे, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी ६.३५ मिमीचे असते आणि त्यात फारसे चुकण्यासारखे काही नसते. गोंधळ होतो तो हेडफोनकडच्या टोकात, कारण त्याबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही.

ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला २.५ मिमीची पिन लागते, पण ती आत ढकलून फिरवली की कुलपासारखी अडकते. सेनहायझरच्या एचडी ५९९ लाही २.५ मिमीचीच आणि फिरवून अडकणारी पिन लागते, तरीही एकीचे कुलूप दुसरीत बसेलच असे गृहीत धरू नये. साधी २.५ मिमीची केबल आणली तर ती एक तर खोल छिद्रात शिरत नाही किंवा शिरून सैल राहते. त्याच सेनहायझरच्या एचडी ६०० आणि एचडी ६५० या हेडफोनांना प्रत्येक बाजूला दोन काट्यांचा स्वतंत्र जोड असतो आणि त्यातील एक काटा दुसऱ्यापेक्षा जाड असतो, जेणेकरून तो उलटा बसू नये. एकेजीच्या के२४० आणि के७०२ ला तीन काट्यांचा छोटा एक्सएलआर लागतो, तर हायफायमॅनच्या सुंदराला दोन्ही कपांत ३.५ मिमीच्या पिना लागतात.

कानात घालावयाच्या इअरफोनमध्ये दोन घराणी प्रमुख आहेत. शुअरच्या एसई२१५ सारख्यांना एमएमसीएक्स हा गोल, टचकन बसणारा आणि बसल्यावरही फिरणारा जोड असतो. इतर अनेकांना ०.७८ मिमीच्या दोन काट्यांचा. स्वस्त चिनी इअरफोनांत ०.७५ मिमीचे काटेही आढळतात, आणि त्यांच्या सॉकेटात ०.७८ मिमीचे काटे रेटून बसवले तर ते बसतात खरे, पण सॉकेट कायमचे सैल होऊ शकते.

व्यासाइतकेच महत्त्व पिनेच्या बाहेरील आवरणाला आहे. कपातील छिद्र खोल आणि अरुंद असेल, तर पिन योग्य मापाची असूनही तिचे जाड आवरण बाहेरच अडते. सेनहायझरच्या आयई मालिकेतील काही इअरफोनांत एमएमसीएक्सचे सॉकेट इतके आत आहे की नेहमीची एमएमसीएक्स केबल त्यात पोहोचत नाही. म्हणून केवळ जोडाचे नाव न पाहता आपल्या हेडफोनच्या नेमक्या मॉडेलचे नाव विक्रेत्याने लिहिले आहे का, ते पाहावे.

दोन काट्यांची केबल उलटी बसली तर काही बिघडते का?

जळत काही नाही. दोन्ही बाजू सारख्याच उलट्या बसल्या तर व्यवहारात फरक जाणवत नाही. एकच बाजू उलटली तर मात्र एका कानातील पडदा पुढे जात असताना दुसऱ्यातील मागे येतो, खर्ज पातळ होतो आणि मध्यभागी ऐकू यावा असा आवाज पसरट होऊन डोक्याच्या दोन बाजूंना विखुरतो. काटे काढून एका बाजूला फिरवून बसवले की प्रश्न मिटतो.

चांदीची केबल घेतली तर आवाज अधिक स्वच्छ होतो का?

चांदीच्या दागिन्यांचे गाव हुपरी आपल्या इतकी जवळ असल्याने असेल कदाचित, पण चांदी म्हटले की आपल्याकडे माणूस लगेच कान टवकारतो. चांदी ही तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, यात शंका नाही. मात्र तिचा विद्युतरोध तांब्यापेक्षा सुमारे ५ ते ६ टक्केच कमी असतो. याचा अर्थ असा, की ०.३२ मिमी व्यासाच्या तांब्याच्या तारेऐवजी ०.३३ मिमीची तांब्याचीच तार घेतली, तर चांदीचा सगळा फायदा भरून निघतो. शिवाय बाजारात ‘चांदीची’ म्हणून मिळणारी केबल बहुतेकदा तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेली असते. मुलाम्यात गैर काही नाही, पण तिची किंमत मुलाम्याचीच असावी.

‘फोर-एन’, ‘सिक्स-एन’ हे शब्दही असेच. फोर-एन म्हणजे ९९.९९ टक्के शुद्ध आणि सिक्स-एन म्हणजे ९९.९९९९ टक्के शुद्ध तांबे. हा फरक सोनाराच्या कसोटीवर मोठा असेल. दीड मीटर तारेच्या विद्युतरोधात तो नगण्य आहे.

मग केबलमुळे आवाज कधीच बदलत नाही, असे म्हणायचे का?

तसेही नाही, आणि येथे थोडा हिशेब करणे भाग आहे. वर सांगितलेल्या ०.३२ मिमीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम भरतो. केबल ३ मीटर लांब असेल तर जाऊन येऊन ६ मीटर होतात आणि रोध सुमारे १.३ ओहम होतो. ३२ ओहमच्या हेडफोनवर त्यामुळे आवाज जेमतेम ०.३ डेसिबलने उतरतो, ३०० ओहमच्या एचडी ६०० वर तर त्याच्या दशांशानेच. दोन्ही घट आवाजाच्या कळीने सहज भरून निघतात.

अपवाद आहे तो ‘आर्मेचर’ जातीचे अनेक छोटे स्पीकर असलेल्या इअरफोनांचा. त्यांचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. समजा, एखाद्या इअरफोनचा रोध एका पट्टीत ५ ओहम आणि दुसऱ्या पट्टीत ३० ओहम आहे; त्याला १ ओहमची केबल लावली तर पहिल्या पट्टीत सुमारे १.६ डेसिबल घट होते आणि दुसरीत केवळ ०.३. हा फरक कानाला जाणवू शकतो. म्हणजे केबलने आवाज बदलतो तेव्हाही त्यामागे रोधच असतो, आणि रोध मल्टिमीटरवर मोजता येतो. विक्रेता ‘मखमली खर्ज’ सांगत असेल आणि ओहम सांगत नसेल, तर मी ती केबल घेत नाही.

किती लांबीची केबल घ्यावी?

खिशातील फोनसाठी १.२ मीटर पुरते, टेबलावरील अ‍ॅम्प्लिफायरसाठी २ ते ३ मीटर. फिरकीची, म्हणजे जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळलेली केबल ध्वनिमुद्रण करताना सोयीची असते, पण तिचे वजन कपाला सतत खाली ओढते. उगाच लांब घेऊ नये. खुर्चीच्या चाकाखाली केबल सापडण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

रंकाळ्यावर सकाळी फिरताना केबल शर्टाला घासून कानात टकटक, खसखस ऐकू येते. कोणती केबल घेतल्यास हे थांबेल?

कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनांत हे होणारच, कारण केबलची थरथर थेट कानाच्या नळीत पोहोचते. कडक आवरणाची आणि खरखरीत कापडी विणीची केबल अधिक आवाज करते. मऊ, लवचीक आवरणाची कमी. तरीही नवी केबल घेण्याआधी दोन फुकटचे उपाय करून पाहावेत. केबल कानाच्या मागून वळवून घालावी आणि शर्टाला चिमट्याने अडकवावी. फाट्याच्या वर सरकणारा मणी असेल तर तो हनुवटीखालपर्यंत ओढावा. एवढ्याने बहुतेकांची तक्रार मिटते आणि ज्यांची मिटत नाही त्यांनी चालताना वायरलेस वापरावे, असे मी सरळ सांगतो.

बॅलन्स्ड केबल घ्यावी का?

आपल्या उपकरणाला ४.४ मिमीचे किंवा जुन्या पद्धतीचे २.५ मिमीचे बॅलन्स्ड सॉकेट असेल, तरच हा प्रश्न उद्भवतो. अशा केबलमध्ये दोन्ही कानांच्या परतीच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या राहतात. अनेक अ‍ॅम्प्लिफायर त्या सॉकेटातून दुप्पट व्होल्टेज देतात, म्हणजे ६ डेसिबल अधिक; ज्याचा हेडफोन चालवायला अवजड आहे आणि आवाज पुरत नाही, त्याला याचा उपयोग आहे. इअरफोनवाल्याला क्वचितच. के७०२ सारख्या, तीन काट्यांच्या एकाच जोडातून दोन्ही कान चालवणाऱ्या हेडफोनांत परतीची तार आतच एक झालेली असते, त्यामुळे केबल बदलून ते बॅलन्स्ड होत नाहीत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. बॅलन्स्ड केबलचे टोक ३.५ मिमीच्या सॉकेटात घालण्यासाठी योग्य अ‍ॅडॅप्टर वापरणे निर्धोक आहे. याच्या उलट, साध्या तीन कड्यांच्या पिनेचा हेडफोन अ‍ॅडॅप्टर लावून बॅलन्स्ड सॉकेटात कधीही घालू नये, कारण त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या शाखा एकमेकींशी जोडल्या जातात आणि तो निकामी होऊ शकतो. असे उलटे अ‍ॅडॅप्टर बिनदिक्कत विकले जातात, हे दुर्दैव.

फोनला गोल सॉकेटच नाही. टाइप-सी टोकाची केबल चालेल का?

चालेल, पण त्या टोकात डिजिटलचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप असली पाहिजे. चिप नसलेली साधी केबल केवळ काही मोजक्या फोनांतच चालते आणि इतरांत मुकी राहते. माझी पसंती वेगळीच आहे: केबल ३.५ मिमीचीच घ्यावी आणि चिप असलेला वेगळा छोटा अ‍ॅडॅप्टर जोडावा. दोहोंपैकी एक तुटले तर एकच बदलावे लागते.

माइक असलेली केबल कोणत्याही हेडफोनला लावता येते का?

जोड जुळत असेल तर ऐकण्यापुरती अडचण येत नाही. माइकच्या पिनेला चार कडी असतात आणि त्यातील शेवटच्या दोहोंचा क्रम जुन्या काही फोनांत उलटा होता. आजचे फोन मात्र टोकाकडून डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक हाच क्रम पाळतात. संगणकाला ऐकण्याचे आणि बोलण्याचे सॉकेट वेगवेगळे असेल तर फाटा फोडणारा अ‍ॅडॅप्टर लागेल.

पारदर्शक केबल आतून हिरवी पडली आहे. ती खराब झाली का?

कोल्हापूरचा पावसाळा आणि कानामागचा घाम यांचे हे काम आहे. ओलावा आवरणातून किंवा टोकांतून आत झिरपतो आणि तांब्यावर देवळातल्या जुन्या समईवर चढतो तसा हिरवा थर चढतो. केवळ रंग बदलला असेल तर आवाजात फरक पडत नाही, पण तार ठिसूळ होऊन टोकाशी तुटण्याची शक्यता वाढते. मुलामा दिलेल्या किंवा प्रत्येक तंतूवर एनॅमल, म्हणजे रोगणासारखा पातळ लेप, असलेल्या तारांत हे कमी होते. पिनेवर काळपटपणा आला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पॉलिश पेपरने घासू नये, कारण वरचा मुलामा निघाला की गंज अधिक वेगाने चढतो. नेलपॉलिश रिमूव्हर तर मुळीच नको, त्यातील अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळते.

नवी घेण्याऐवजी जुनीच दुरुस्त करावी का?

केबल पिनेच्या मानेजवळ तुटली असेल आणि बाकी सुस्थितीत असेल, तर चांगल्या प्रतीची धातूची पिन आणून डाखून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तारा पाहून नवखा माणूस गोंधळतो, कारण त्या रंगीत दिसतात पण त्यांना वेगळे आवरण दिसत नाही. उद्यमनगरात मोटार रिवायंडिंग करणाऱ्या कोणालाही ही तार दाखवली तर तो हसून सांगेल की हे एनॅमल आहे. तापलेल्या सोल्डरगनच्या टोकावर कथिलाचा थेंब घेऊन त्यात तारेचे टोक क्षणभर बुडवले की एनॅमल जळून निघते आणि मगच डाख धरतो. तांब्याबरोबर कापडी दोराही असतो, तो आधी कापून टाकावा. बहुधा हिरवी तार डाव्या कानाची, लाल उजव्याची आणि तांबूस परतीची असते, पण ‘बहुधा’वर विसंबू नये, मल्टिमीटर लावून खात्री करावी.

मधोमध तुटलेली केबल मी दुरुस्त करीत नाही. जोडलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारी ती पुन्हा तुटते.

केबल कोठून घ्यावी आणि हाती आल्यावर काय तपासावे?

राजारामपुरीतील मोबाइलच्या दुकानांत दोन्ही टोकांना ३.५ मिमीची साधी केबल सहज मिळते, आणि आपल्या हेडफोनला तीच लागत असेल तर मागवण्याच्या भानगडीत पडू नये. कुलपाच्या पिना, एमएमसीएक्स किंवा छोटे एक्सएलआर यांच्यासाठी इंटरनेटवरूनच मागवावे लागते. दुकानात जाताना जुनी केबल आणि हेडफोन दोन्ही बरोबर न्यावेत. खर्चाबाबत माझा अंदाजी नियम असा आहे, की हेडफोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक पैसे केबलवर घालायचे झाले तर कारण स्वतःला नीट समजावून सांगता आले पाहिजे.

एका विक्रेत्याकडून मी मागवलेल्या केबलमध्ये डावा आणि उजवा यांची अदलाबदल झालेली होती आणि ते महिनाभर माझ्या लक्षात आले नाही, कारण गाणे ऐकताना कोण डावीकडे बसले आहे हे आपण कुठे पाहतो? तेव्हापासून मी नवी केबल आली की आधी डाव्या-उजव्याची चाचणी लावतो, मग एकच आवाज दोन्ही कानांत देऊन तो डोक्याच्या बरोबर मध्यभागी येतो का ते ऐकतो आणि शेवटी तानपुरा लावून प्रत्येक जोड हळूच हलवतो. ही तपासणी परत पाठवण्याची मुदत संपण्याआधी करावी.

केबल लवकर तुटू नये म्हणून काय करावे?

सॉकेटातून काढताना केबलला धरून न ओढता पिनेला धरून ओढावे. एमएमसीएक्स काढताना नख मध्ये घालून सरळ वर उचलावे, पिळू नये. फोनभोवती केबल घट्ट गुंडाळण्याची सवय सर्वांत वाईट. शेतकरी कासरा गुंडाळतो तसे मोठे सैल वेटोळे घ्यावे, आणि लांब केबल असेल तर एक वेढा सुलट व पुढचा उलट असा घ्यावा, म्हणजे केबलमध्ये पीळ साठत नाही. साठलेला पीळ पुढे कितीही ताणला तरी जात नाही. सुंभाबद्दल जे म्हणतात ते केबललाही लागू आहे.

जुन्या केबलचे काय करावे?

नवी केबल महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी टाकू नये, कारण हेडफोनकडचा अस्सल जोड तिच्याच टोकाला असतो आणि गरज पडल्यास तेवढा कापून दुसऱ्या केबलला डाखता येतो. त्यानंतर ती ई-कचऱ्यात द्यावी. तांबे मिळवण्यासाठी भंगारात केबल जाळतात, तसे घरी कोणी करू नये. पीव्हीसीचे आवरण जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो आणि एका हेडफोनच्या केबलमधून निघणारे तांबे तर चिमूटभरही नसते.